टेलरबाईंची तक्रार आणि माझी साक्ष

ता. ६ फेब्रुवारी

चि. ठकूस,

बाबांचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग, आणि तुमचं ते जाडं मांजर अजून माझ्या खुर्चीत बसत असेल तर त्याला उठव. माझी तब्येत उत्तम आहे, एक गुडघा सोडला तर. पण त्याचं त्याच्या जागी चाललंय. मी त्याच्या वाटेला जात नाही.

दुकानात काम भरपूर. परवा एक गृहस्थ मिक्सर घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्री, एकाएकी बंद पडला हो." उघडून बघतो तर आत सिमेंट. मी वर पाहिलं, त्यांनी खाली पाहिलं. म्हणाले, "बाथरूमची फट बुजवायची होती, थोडंसंच कालवायचं होतं. बायकोला सांगू नका." त्यांच्या बायकोने आदल्याच दिवशी येऊन मला विचारलं होतं, "आमच्या यांनी मिक्सर आणला का तुमच्याकडे?" मी दोघांनाही काही सांगितलं नाही. धंदा असाच वाढतो. फुटपाथवर एक पेचकस घेऊन बसायचो तेव्हापासून एवढं एक शिकलोय, लोक मोटार दुरुस्तीला आणतात आणि सोबत घरातलं भांडणही आणतात. आपण मोटार ठेवून घ्यायची.

बाकी गल्ली जागच्या जागी आहे. बेकरीवाल्याने भट्टीला नवं दार लावलं. औषधवाला दाढी वाढवतोय, कुणी विचारलं तर चिडतो.

वरच्या टेलरबाईंच्या मागे मात्र एक लचांड लागलं आहे. तुला आठवत असतील, गेल्या वर्षी तू येऊन गेलीस तेव्हा नुकत्याच राहायला आल्या होत्या. तुझ्या कोटाची बाही एका बसणीत आखूड करून दिली होती त्या. झालं असं की दुकानाची पाटी लावताना त्यांनी नवा फोन नंबर घेतला. तो नंबर आधी कुणा भल्या माणसाकडे होता. त्या भल्या माणसाने हप्त्यावर मोठा सोफा आणि त्याहून मोठा टीव्ही घेतला आणि दोन्हीसकट गायब झाला. नंबर मागे ठेवून गेला, तो बाईंच्या गळ्यात पडला. आता कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला रोज फोन करतो.

"साहेबांना फोन द्या."

"कुठले साहेब? इथे मी एकटी असते."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे एकटे असतात का?"

बाईंची जीभ अशी आहे. पण माणूस हसण्यावारी किती दिवस नेणार? तो काही ऐकेना. मग त्याने गल्लीतले नंबर शोधून काढले. बेकरीवाल्याला फोन केला, "तुमच्या शेजारच्या बाई फरार आहेत." बेकरीवाला म्हणाला, "फरार कसल्या, समोर बसून काजं करतायत." औषधवाल्याने त्याच्याशी हुज्जत घालून घसा बसवून घेतला. इथवर गंमत होती. पण गेल्या आठवड्यात त्याने शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून सांगितलं की तुमचे गणवेश शिवणारी बाई कर्जबुडवी आहे, मुलांचं कापड तिच्या ताब्यात देऊ नका. मुख्याध्यापिकाबाईंनी गणवेशाचं काम थांबवलं. "प्रकरण मिटलं की बघू" म्हणाल्या. बाईंचा वर्षाचा निम्मा धंदा त्या गणवेशांवर चालतो.

त्या दिवशी संध्याकाळी त्या खाली आल्या, माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मी खोल्या सोडते. हे काम, ते काम हातावेगळं केलं की भावाकडे जाईन. तिथे मला कुणी ओळखत नाही, म्हणजे माझ्याबद्दल कुणी कुणाला फोनही करणार नाही."

आता बघ ठकू, चांगला भाडेकरू आजकाल मिळतो कुठे? भाडं वेळेवर. नळ गळला तर वॉशर स्वतः बदलतात. जिना पुसतात तो थेट माझ्या दारापर्यंत. मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला कशाला? तुम्ही का जायचं? तक्रार करू. ग्राहक तक्रार कार्यालय कशासाठी आहे?"

"तक्रार केली की माझं नाव अजून चार कपाटांत जाणार."

"जाऊ दे की. पण खरं जाईल. आत्ता जिथे गेलंय तिथे खोटं गेलंय."

त्या बराच वेळ बिनसाखरेचा चहा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण बोलायचं मी. तुम्ही फक्त साक्षीदार."

मी कबूल झालो. उद्यापासून त्याच्या फोनच्या वेळी त्या खाली दुकानात येणार, फोन मोठ्या आवाजावर ठेवणार, आणि मी शेजारी बसून माझ्या जुन्या फोनवर सगळं रेकॉर्ड करणार. चांगल्या भाडेकरूसाठी माणसाने एवढं करायलाच हवं.

तुझा,
बाबा


ता. २४ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद. वडिलांचं पत्र तांबड्या पेनाने तपासून वडिलांनाच परत पाठवणारी तू जगातली पहिली मास्तरीण असशील. 'चांगला भाडेकरू' जिथे जिथे आलं तिथे रेघ. ठीक आहे. पण 'बिनसाखरेचा चहा' याच्याखाली दोन रेघा आणि समासात प्रश्नचिन्ह, हे कशासाठी? बिनसाखरेचा चहा कुणी ढवळायला लागलं तर कुणाच्याही लक्षात राहील. त्यात साखर नाही, ढवळतात काय? मला यंत्राचं कुतूहल असतं तसं ते वाटलं, एवढंच.

असो. मुख्य बातमी अशी की तक्रार दाखल झाली.

त्याआधी फोनचं सांगतो. दुपारच्या चहाच्या वेळी बरोबर येतो. पहिल्या दिवशी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वसुली अधिकारी बोलतोय." दुसऱ्या दिवशी नाकातून, "कायदा विभाग." मग एक दिवस अगदी सावकाश, एकेक शब्द तोलून, "मी या सर्वांचा वरिष्ठ." बाई म्हणाल्या, "बरं झालं, तुम्हीच भेटलात. तुमचे हे दोघे मला फार त्रास देतात." तिकडे वरिष्ठांना खोकला आला. खोकला घोगरा होता.

तिन्ही आवाज एकाचेच हे बाईंनी तेव्हाच ओळखलं. पण पुरावा काय? पुरावा तुझ्या बापाने शोधला. तुला ठाऊक आहे, मोटार टेबलावर ठेवायच्या आत मी सांगतो की बेअरिंग गेलंय का वाइंडिंग जळलंय. तसंच हे. मी नुसतं बोलणं ऐकत नव्हतो, बोलण्याच्या मागचं ऐकत होतो. आणि मागे, तिन्ही वेळेला, पंखा. बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, तेलावाचून सुकलेला. सुकलेल्या बुशाचा पंखा आधी घर्र घर्र करतो, आणि पातं एका ठरावीक जागी आलं की टक्. घर्र, घर्र, टक्. वसुली अधिकाऱ्याच्या मागे टक्, कायदा विभागाच्या मागे टक्, वरिष्ठांच्या डोक्यावरही तोच टक्. म्हणजे माणूस एक, खोली एक, पंखा एक. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "असेल." एवढा मोठा शोध, आणि 'असेल'. पण मी नाउमेद झालो नाही. सुनावणीत हा पंखा मी असा काही फिरवणार आहे की बघत राहशील.

तर कार्यालय. लांब दालन, एका भिंतीला खिडक्या, खिडक्यांपुढे बाकं. आमच्या खिडकीतल्या कारकुनाला सर्दी झाली होती. त्याने अर्ज वाचला, नाक पुसलं, परत वाचला.

"कर्ज तुम्ही घेतलंत?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"या कंपनीकडून दुसरं काही घेतलंत? विमा वगैरे?"

"काहीच नाही."

"मग तुम्ही त्यांच्या ग्राहक नाही. ग्राहक नाही तर ग्राहक तक्रार कशी घेऊ? पुढचे."

बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी मी तोंड उघडलं. बाईंनी नुसता हात वर केला, मापं घेताना गिऱ्हाईक हललं की करतात तसा. आम्ही बाकावर येऊन बसलो. मला वाटलं, झालं, आता या घरी जाऊन सामान बांधणार. मी अर्जाची चारदा घडी घातली आणि चारदा उलगडली. भाडेकरूच्या काळजीने, अर्थात. तू रेघ मारायच्या आत मीच लिहितो.

थोड्या वेळाने त्यांनी फोन काढला, वर-खाली सरकवत काहीतरी वाचलं, आणि उठून पुन्हा त्याच खिडकीशी गेल्या. पुढच्या माणसाला म्हणाल्या, "एक मिनिट, माझं कापड राहिलंय." तो बिचारा बाजूलाही झाला. त्यांनी फोन कारकुनाच्या नाकासमोर धरला.

"हे वाचा. यांचेच निरोप आहेत. रोजचे. सुरुवात काय आहे?"

"प्रिय ग्राहक," कारकून म्हणाला.

"पुढचा?"

"प्रिय ग्राहक."

"त्याच्या पुढचा?"

"सगळे तसेच आहेत, बाई."

"मी नाही म्हणते, कंपनी हो म्हणते. तुम्ही कंपनीचं ऐकता की माझं? माझं ऐकत असाल तर त्यांना फोन बंद करायला सांगा. त्यांचं ऐकत असाल तर अर्ज घ्या."

कारकुनाने शिंकायला वेळ घेतला. मग शिक्का शोधला. शिक्का मारताना म्हणाला, "आमच्या मोठ्या बाईंना तुम्ही आवडाल."

परत येताना त्या बसमध्ये खिडकीशी बसून काही वेळ हसत होत्या. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांचं तसं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. सुनावणी होईपर्यंत खोल्या सोडणार नाही म्हणाल्या. नंतरचं नंतर. सामान बांधायला आणलेली खोकी जिन्याखालीच आहेत, रिकामी.

तुझा सावध झालेला,
बाबा


ता. १६ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद. सुनावणी झाली. तक्रार आम्ही जिंकलो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार नाही.

एक मोठं टेबल. मधोमध अध्यक्षबाई, माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. एका बाजूला आम्ही. समोर कंपनीचा तरुण प्रतिनिधी, टाय, गुळगुळीत दाढी, 'आपण' आणि 'कृपया' तोंडात. माणूस वाईट नव्हता, त्याला पाठवला होता.

तो म्हणाला, "एक तर असे फोन आमच्याकडून जात नाहीत. कुणी भामटा आमचं नाव वापरत असावा. आणि दुसरं, या बाई आमच्या ग्राहकच नाहीत. तेव्हा ही तक्रार चालूच शकत नाही."

टेलरबाई अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या."

"काय लिहून घेऊ?"

"मी त्यांची ग्राहक नाही, हे. इतके महिने मी हेच ओरडतेय. आज पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं. सहीनिशी मिळालं तर बरं होईल, मला शाळेत दाखवायचंय."

पोरगा 'कृपया' म्हणेपर्यंत अध्यक्षबाईंनी लिहूनही घेतलं होतं. म्हणाल्या, "पहिला मुद्दा आपोआप सुटला. आता फोन कुणाचे ते बघू. साक्षीदार कोण?"

साक्षीदार उठला. ठकू, मी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी सगळं समजावून सांगितलं. बुश म्हणजे काय, तो का सुकतो, पातं कुठे आलं की टक् होतं. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून ऐकलं. मग मी माझा जुना फोन टेबलावर ठेवून एकेक रेकॉर्डिंग लावलं. घर्र, घर्र, टक्. दुसरं. टक्. पोरगा अस्वस्थ झाला. तिसरं. टक्. त्याने टाय सैल केला. मी भर दरबारात उभा असल्यासारखा हात फैलावून म्हटलं, "म्हणजे हे सगळे फोन एकाच खोलीतून आले. यांच्या कार्यालयात जाऊन पंखा तपासा."

नेमकं तेव्हा ते शेवटचं रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं. फोन संपल्यावर मी ते बंद करायलाच विसरलो होतो. वसुलीवाल्याने फोन ठेवलेला ऐकू आला. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग माझा आवाज, माझ्या दुकानात, बाईंशी बोलतानाचा. आणि त्या आवाजामागे, घर्र, घर्र, टक्.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. विचारलं, "मिस्त्री, तुमच्या दुकानात पंखा आहे का?"

"आहे."

"तेल कधी घातलं होतं?"

आता याचं उत्तर काय देणार? सबंध गावाच्या पंख्यांना तेल घालणारा मी. माझ्याच डोक्यावरचा पंखा वर्ष वर्ष रडतोय आणि मी त्याचा आळ परक्यावर घालतोय. पोरगा आधी हसला. मग कोपऱ्यात लिहिणारा कारकून, तोच सर्दीवाला, हसता हसता शिंकला. मग अध्यक्षबाई. मीही हसलो, दुसरं करणार काय? हसल्या नाहीत त्या फक्त टेलरबाई. त्या टेबलाकडे बघत होत्या, कान लालबुंद. कारण फोन अजून चालू होता आणि त्यात मी आपलं सहज काहीतरी बोलत होतो. ते विशेष काही नव्हतं. जाऊ दे.

पुरावा गेला पाण्यात. मी बसलो. आणि ठकू, तेवढ्यात बाईंच्या पिशवीतला फोन वाजला. दुपारच्या चहाची वेळ झाली होती ना.

बाईंनी फोन काढून अध्यक्षबाईंपुढे सरकवला. "त्याचाच आहे." अध्यक्षबाईंनी मोठ्या आवाजावर टाकला आणि नुसतं "हं" केलं.

आज नवीनच आवाज लावला होता, भारदस्त. "मी ग्राहक तक्रार कार्यालयातून बोलतोय. तुमच्याविरुद्ध इथे तक्रार आली आहे. फाइल माझ्यासमोर उघडी आहे."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "कुठल्या मजल्यावर बसलाय?"

"म्हणजे?"

"मी इथली अध्यक्ष बोलतेय. फाइल माझ्यासमोरही उघडी आहे. असेच उठून या, एकत्रच वाचू."

पलीकडे पंखाबिंखा काही नाही, थंड हवेच्या यंत्राची नुसती गुणगुण. मग एक बारीक, कोवळा आवाज आला. त्याचा खरा आवाज, आम्ही कधीच न ऐकलेला. "सॉरी मॅडम. राँग नंबर."

फोन ठेवला गेला. बाई म्हणाल्या, "बघा, मीही त्याला हेच सांगत होते."

त्या टायवाल्या पोराने डोकं धरलं. म्हणाला, "आमच्यातलाच आहे. माझ्या पलीकडच्या टेबलावर बसतो." त्याच्या प्रामाणिकपणाला मी मनात दाद दिली. खोटं बोलला असता तरी चाललं नसतं म्हणा.

हुकूम असा झाला: बाई त्यांच्या ग्राहक नाहीत असं सहीशिक्क्याचं पत्र द्यायचं. नंबर खोडायचा. मुख्याध्यापिकाबाईंना, बेकरीवाल्याला आणि औषधवाल्याला लेखी माफी मागायची. बाईंना नुकसानभरपाई. बेकरीवाल्याने माफीपत्र भट्टीच्या नव्या दारावर चिकटवलंय. गणवेशाचं काम परत मिळालं. मुख्याध्यापिकाबाई स्वतः कापड घेऊन आल्या आणि जाताना तीनदा 'गैरसमज झाला' म्हणाल्या.

तर आनंदीआनंद व्हायला हवा. पण परत येताना बस अर्धी रिकामी असून टेलरबाई एका अनोळखी बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. खाली येत नाहीत. काल जिन्याखालची खोकी वर गेली. आज वरून सुतळी ओढल्याचा, गाठ मारल्याचा आवाज येतोय. माझे कान तू जाणतेस. पंख्याच्या बाबतीत फसले, पण गाठ ओळखतात.

वसुलीवाल्याने जे जमवलं नाही ते बहुतेक माझ्या तोंडाने जमवलं.

तुझा,
जिंकून गप्प बसलेला बाबा


ता. २५ मार्च

चि. ठकूस,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तांबड्या पेनाने एक ओळ: 'रेकॉर्डिंगमध्ये काय होतं?' जावईबापूंची सहीसुद्धा साक्षीदार म्हणून घेतलीस. ठीक आहे. लिहितो. जे सबंध कार्यालयाने ऐकलं ते माझ्या लेकीनेच ऐकू नये असं कसं चालेल?

मी म्हणालो होतो, "तुम्ही गेलात तर सकाळी वरून मशिनचा आवाज यायचा नाही. मग मी उठायचं कशासाठी?"

एवढंच. वर सर्दीवाल्या कारकुनाने ते टिपणात लिहून घेतलं. 'साक्षीदाराने मशिनसंबंधी विधान केले.' सरकारी कागदात आहे ते आता.

परवा सकाळी टेलरबाई खाली आल्या. मी एका पंपाचं झाकण उघडत होतो. त्या समोरच्या स्टुलावर बसल्या, मांडीवर हात, गिऱ्हाईकासारख्या.

"मिस्त्री, ते अध्यक्षबाईंसमोर बोललात ते."

"मी अध्यक्षबाईंसमोर नाही बोललो. तुमच्यासमोरच बोललो होतो, त्याच्या आठवडाभर आधी. तेव्हा तुम्ही 'बरं' म्हणून वर गेलात."

"तेव्हा मला वाटलं तुम्हाला मशीन आवडलंय. जुनं मशीन ठेवून जायचा विचार करत होते मी."

"मशीन घेऊन मी काय करू?"

"तेच मला कळेना. शिवता येत नाही तुम्हाला."

मी पेचकस खाली ठेवला. म्हटलं आता सरळ बोलावं. पण इतक्या वर्षांत सरळ बोलायची सवय राहिली नाही, लोकांच्या यंत्रांशीच बोललोय. मी म्हटलं, "त्या दिवसापासून तुम्ही बोलत नाही. मी चुकलो असेन तर सांगा. खोकी उतरवायला मीच मदत करीन."

त्या म्हणाल्या, "चुकलात. सगळ्या कार्यालयाला कळलं आणि मला शेवटी कळलं. इतके दिवस विचार करत होते की रागावू की काय करू. रागवायला फारसं काही सापडेना."

आणि मग खांदे हलवत हसल्या.

ठकू, आता तू बस आणि पुढचं नीट वाच. जावईबापूंना वाचून दाखवू नकोस, आधी एकटी वाच.

तुझी आई गेल्यावर मी एक गोष्ट करायचो, ती तुला कधी सांगितली नाही. दुरुस्त झालेले पंखे मी गिऱ्हाइकांना लगेच नेऊ द्यायचो नाही. काहीतरी सांगून दोन दिवस ठेवून घ्यायचो, आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की सगळे एकदम लावून मधोमध बसायचो. घरात काहीतरी चालू आहे असं वाटायचं. तुझा फोन यायचा, तू म्हणायचीस, 'बाबा, एवढा वारा कसला?' मी म्हणायचो, 'बाहेर सुटलाय.' अशी इतकी वर्षं मी पंख्यांत बसलो आहे की माझ्याच डोक्यावरचा पंखा मला ऐकू येईना. अध्यक्षबाईंना हे कुठे सांगत बसू?

मग टेलरबाई राहायला आल्या. सकाळी वर मशीन सुरू होतं, थांबतं, पुन्हा सुरू होतं. त्या मधल्या थांबण्यात त्या काय करत असतील, दोरा ओवतात की खिडकीबाहेर बघतात, असा विचार करत मी पडून राहायला लागलो. पंखे वेळेवर परत द्यायला लागलो. गिऱ्हाइकं म्हणाली, मिस्त्री सुधारले.

तुझ्या आईला मी विसरलो नाही. तिच्याबद्दल बाईंना सगळं सांगितलंय, तिच्या रागासकट. त्या म्हणाल्या, "मला त्या आवडल्या असत्या. पण त्यांनी मला भाव कमी करायला लावला असता." आईची ही ओळख बरोबर आहे की नाही तूच सांग.

चांगला भाडेकरू वगैरे सगळं झूट होतं. तुझ्या रेघा बरोबर होत्या. मला त्यांच्याशी लग्न करायचंय. या वयात हा शब्द लिहिताना पेन दोनदा थांबलं, पण लिहिला.

मी त्यांना विचारलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, "लेकीला लिहिलंत?"

"मी तिला सगळं लिहितो."

"सगळं लिहिता, हे सोडून. तसंच ना?"

मी पेचकस उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"आधी तिला लिहा. आडवळणाने नाही, सरळ. इतके महिने लोक माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे ठरवत होते. मला कुणाच्या घरात तसं पाठीमागून यायचं नाही. ती नको म्हणाली तर मी रागावणार नाही. भावाकडे जाईन, आणि तिच्या नव्या कोटाचं माप मात्र टपालाने पाठवायला सांगा, मागच्या वेळी खांद्याला ओढत होता तो." थोडं थांबून म्हणाल्या, "ती हो म्हणाली तर माझंही हो आहे. हेही लिहा. नाहीतर तिला वाटेल, तुम्ही एकटेच उड्या मारताय."

तर मी एकटाच उड्या मारत नाही. गुडघ्यालाही सांगून ठेवलंय.

बेकरीवाल्याला वास लागलाय. आज पाव बांधून देताना विचारत होता, 'मिस्त्री, एकाच्या जागी दोन बांधू का?' मी म्हटलं, 'गावाहून पत्र येऊ दे.' औषधवाल्याने दाढी काढली. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, पण गल्लीचा मूड कळावा म्हणून लिहितो.

हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. पंख्यांचा भाग आला तेव्हा त्या उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "पाठवा. काही खोडू नका."

आता तुझ्या हातात आहे. तू लहान असताना तुझी प्रगतिपुस्तकं मी न वाचता सही करायचो, त्याचा वचपा काढायचा असेल तर हीच वेळ. पण थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. तुझ्या मनाला पटत नसेल तर मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. तुझा खोटा होकार मी ओळखीन, आणि त्याही ओळखतील.

हो असेल तर फोन कर. दुकानात कर, दुपारी चहाला आम्ही दोघंही असतो. नाही असेल तर मात्र पत्रच लिही, आणि जरा धिम्या टपालाने पाठव. ते पोचेपर्यंत वर मशीन चालू राहील.

तुझ्या मर्जीतला,
फोनजवळ स्टूल ओढून बसलेला,
बाबा